सुटलेली पायरी

(प्रस्तावना)

१ डिसेंबर २०२१ रोजी ग्रामीण महाराष्ट्रातले पहिली ते चौथीचे वर्ग पुन्हा भरले, तेव्हा एका द्विशिक्षकी शाळेत मी आठवडाभर बसले होते. तिसरीतली एक मुलगी मराठीच्या पुस्तकातली कविता घडाघडा म्हणत होती. बोट ओळीवरून सरकत होते, आवाज स्वच्छ होता. मी तिला तिसरी ओळ मधूनच वाचायला सांगितली आणि बोट थांबले. कविता तिला मोठ्या भावाच्या तोंडून ऐकून पाठ झाली होती. अक्षरांची ओळख ‘क’, ‘म’, ‘र’ आणि स्वतःच्या नावातली दोन अक्षरे, एवढ्यापुरतीच होती. पहिलीचे शेवटचे दिवस, अख्खी दुसरी आणि तिसरीचे पहिले सत्र, एवढा काळ ती शाळेबाहेर होती. हजेरीपटावर मात्र ती कुठेच थांबली नव्हती. एकेका जूनमध्ये तिचे नाव वरच्या वर्गात चढत गेले होते.

तिच्या शिक्षकांपुढचा पेच मला रोज दिसत होता. तिसरीचे पुस्तक हाती घ्यावे तर निम्म्या वर्गाला ते वाचता येत नाही. मुळाक्षरांपासून सुरुवात करावी तर पाठ्यक्रम कधी संपायचा, आणि ज्यांना वाचता येते त्यांनी तोवर काय करायचे? महामारी, भूकंप, पूर, युद्ध, स्थलांतर यांतून बाहेर आलेल्या कुठल्याही शाळेत गेलात तर हाच पेच सापडतो. त्यातून वाट काढण्याचे प्रयत्न गेली साठेक वर्षे वेगवेगळ्या देशांत झाले, त्यातले काही नीट तपासले गेले, काही विसरले गेले. या विषयात नव्याने पाऊल टाकणाऱ्या शिक्षकांना, पालकांना आणि कार्यकर्त्यांना त्या प्रयत्नांची ओळख व्हावी, यासाठी हे पुस्तक आहे.

आपल्याकडे आठ दिवस आजारी पडलेले मूल मैत्रिणीची वही आणते, उतरवून काढते आणि ‘बुडालेला अभ्यास भरून काढला’ असे म्हणते. आठ दिवसांपुरते हे चालतेही. वीस महिने गेल्यावर वही उतरवून भागत नाही, कारण तोवर पानांपेक्षा पायऱ्या सुटलेल्या असतात. अक्षर ओळखल्याशिवाय काना-मात्रा नाही, काना-मात्रेशिवाय जोडाक्षर नाही, आणि जोडाक्षरापाशी अडखळणाऱ्या मुलाला परिसर अभ्यासातला ‘पर्जन्यमान’ हा शब्द म्हणजे भिंत. गणितात तर हे अधिक कठोर आहे. दशक-एकक समजले नसेल तर हातच्याची वजाबाकी म्हणजे नुसती खाडाखोड, आणि वजाबाकी येत नसेल तर भागाकार अशक्य. सुटलेली पायरी कोणती, हे प्रत्येक मुलाच्या बाबतीत शोधायचे, तिथे जाऊन उभे राहायचे आणि तिथून त्याला वर आणायचे. सगळ्या पद्धती, सगळे वाद शेवटी याच कामाभोवती फिरतात.

संकटाने शिक्षण बुडणे महाराष्ट्राला नवे नाही. १८९७ च्या प्लेगात पुण्याची माणसे गाव सोडून बाहेर झोपड्यांत राहायला गेली. १९७२ च्या दुष्काळात आईबाप खडी फोडायला गेले आणि त्यांच्यामागे मुलेही गेली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. त्यानंतर भारतीय जैन संघटनेने सुमारे १,२०० मुलांना पुण्याला आणून त्यांच्या शिक्षणाची जबाबदारी घेतली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगलीच्या पुरात दप्तरेच्या दप्तरे भिजली. प्रत्येक वेळी माणसांनी पदर खोचून काम केले. पण मुले वर्गात परतल्यानंतर त्यांना नेमके काय येत होते आणि पुढच्या चार वर्षांत त्यांचे काय झाले, हा प्रश्न आपण फारसा विचारला नाही. शाळा पुन्हा भरली की संकट संपले, असे आपण धरून चालत आलो.

हे गृहीतक किती चुकीचे आहे, ते एका अभ्यासाने फार स्पष्ट दाखवले. मला तो या विषयातला सर्वांत महत्त्वाचा अभ्यास वाटतो. ८ ऑक्टोबर २००५ च्या सकाळी, शाळा भरलेल्या असताना, पाकव्याप्त काश्मीर आणि लगतच्या वायव्य सरहद्द प्रांतात भूकंप झाला. सत्तर हजारांहून अधिक माणसे दगावली. चार वर्षांनी ताहिर अंद्राबी, बेंजामिन डॅनिएल्स आणि जिष्णू दास यांनी तिथल्या कुटुंबांची पाहणी केली. मदत पोहोचली होती, घरे उभी राहिली होती. भूकंपाच्या भेगेजवळ राहणाऱ्या आणि तिच्यापासून दूर राहणाऱ्या कुटुंबांच्या सांपत्तिक स्थितीत फरक उरला नव्हता. मुले शाळेतही जात होती. शाळा बंद राहिल्या होत्या त्या सरासरी १४ आठवडे. तरीही भेगेजवळची मुले दूरच्या मुलांपेक्षा सुमारे दीड इयत्तेने मागे होती.

१४ आठवड्यांत दीड इयत्ता कशी बुडेल? बुडणार नाहीच. अभ्यासकांनी लावलेला अर्थ असा, की मुले परतली तेव्हा थोडीच मागे होती. पण वर्ग आपल्या ठरल्या वेगाने पुढे निघून गेला, आणि पहिल्या दिवशी न समजलेल्या गोष्टीवर दुसऱ्या दिवशीची गोष्ट रचली जात राहिली. तूट शाळा उघडल्यानंतर वाढली. या अभ्यासातली आणखी एक गोष्ट मनाला लागते. ज्या मुलांची आई निदान प्राथमिक शाळा शिकलेली होती, ती मुले मागे पडली नव्हती. घरात कुणीतरी सुटलेल्या पायरीवर परत नेणारे होते. ज्यांच्या घरी असे कुणी नव्हते त्यांच्यासाठी ते काम शाळेने करायला हवे होते, आणि ते झाले नाही.

मिशेल काफेनबर्गर यांनी कोविडच्या काळात गणिती प्रारूप मांडून हाच धोका दाखवला होता. त्यांच्या हिशेबात तीन महिन्यांच्या बंदीनंतर काहीच केले नाही, तर पुढच्या वर्षांत मुलांचे वर्षभराहून अधिक शिक्षण बुडू शकते. थोड्या मुदतीची उजळणी घेतली तर त्यातले निम्मे नुकसान टळते. अध्यापनच मुलांच्या पातळीला जुळवून घेतले, तर मुले संकटाआधीच्या परिस्थितीपेक्षाही पुढे जाऊ शकतात.

जुन्या उदाहरणांतूनही दोन्ही शक्यता दिसतात. दुसऱ्या महायुद्धात ऐन दहाव्या वर्षी सापडलेल्या जर्मन आणि ऑस्ट्रियन मुलांचे शिक्षण कमी झाले आणि त्याचा परिणाम चाळीस वर्षांनंतरच्या त्यांच्या कमाईतही दिसला. याउलट १९६६-६७ मध्ये पश्चिम जर्मनीतल्या बहुतेक राज्यांनी शालेय वर्षाची सुरुवात वसंतातून शरद ऋतूत नेण्यासाठी दोन छोटी वर्षे घेतली. ३७ आठवड्यांऐवजी २४ आठवड्यांचे वर्ष. नापासांचे प्रमाण वाढले, पण त्या मुलांच्या पुढच्या मिळकतीवर परिणाम झाल्याचे आढळले नाही. तिथे घर शाबूत होते, शिक्षक जागेवर होते, काय गाळायचे आणि काय राखायचे ते आधी ठरवता आले होते. नुसता वेळ कमी झाल्याने मूल कायमचे मागे राहत नाही, हा या उदाहरणातला दिलासा आहे.

आता आपल्या महामारीकडे येऊ. राज्यातल्या शाळा मार्च २०२० च्या मध्यावर बंद झाल्या. पाठ्यक्रम २५ टक्क्यांनी कमी केला गेला. सह्याद्री वाहिनीवर जुलै २०२० पासून ‘टिलीमिली’ ही मालिका सुरू झाली. दीक्षा अॅपचा वापर वाढला, व्हॉट्सअॅपवर स्वाध्याय येऊ लागले. आणि शिक्षकांनी स्वतःच्या हिमतीवर ओट्यावर, पारावर, देवळाच्या सभामंडपात, गल्लीच्या तोंडाशी पाच-पाच मुलांच्या शाळा भरवल्या. या गल्लीतल्या शाळांचा इतिहास अजून कुणी सविस्तर लिहिलेला नाही. तो लिहिला गेला पाहिजे. बाकी ऑनलाइन शिक्षणाचे खरे चित्र ज्याँ द्रेझ, रीतिका खेरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑगस्ट २०२१ मध्ये १५ राज्ये व केंद्रशासित प्रदेशांतल्या वंचित वस्त्यांतल्या सुमारे १,४०० मुलांची पाहणी करून समोर ठेवले. ग्रामीण मुलांपैकी नियमित ऑनलाइन शिकणारी होती केवळ ८ टक्के. ३७ टक्के मुले अजिबात अभ्यास करत नव्हती. त्याआधी, जानेवारी २०२१ मध्ये, अझीम प्रेमजी विद्यापीठाने पाच राज्यांतल्या १६ हजारांवर मुलांची पाहणी केली होती. त्यात ९२ टक्के मुले भाषेतली आणि ८२ टक्के मुले गणितातली निदान एक तरी आधी येत असलेली क्षमता विसरली होती. नवे न शिकणे आणि शिकलेले विसरणे, असे दोन्ही बाजूंनी नुकसान झाले.

राज्याने १ जुलै २०२१ पासून ४५ दिवसांचा सेतू अभ्यास सुरू केला. मागच्या इयत्तेच्या महत्त्वाच्या क्षमता, रोजची कृतिपत्रिका, ठरावीक टप्प्यावर चाचणी. त्यामागची भावना मी जवळून पाहिली आहे आणि तिच्याविषयी मला आदर आहे. पण सेतूची रचना मागच्या एका इयत्तेपुरती होती, आणि अनेक मुलांची सुटलेली पायरी त्याच्याही दोन मजले खाली होती. शिवाय प्राथमिकची शाळा तेव्हा उघडलेलीच नव्हती. कृतिपत्रिका मोबाइलवर गेली, आणि ती भरली बहुतेक घरांतल्या मोठ्या भावंडांनी.

उपायांच्या मुख्य धारांपैकी माझ्या मते सर्वांत भक्कम आधार लाभलेली धारा म्हणजे पातळीनुसार शिकवणे. तिचे एक जुने आणि विलक्षण उदाहरण अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यातले आहे. काळ्या आणि गोऱ्या मुलांना एकत्र बसवण्याचा न्यायालयाचा आदेश पाळावा लागू नये म्हणून तिथल्या प्रिन्स एडवर्ड काउंटीने १९५९ मध्ये सगळ्या सरकारी शाळाच बंद करून टाकल्या. गोऱ्या मुलांसाठी खासगी शाळा निघाल्या. काळी मुले चार वर्षे बहुतांशी शाळेविना राहिली. १९६३ मध्ये तिथे ‘फ्री स्कूल्स’ सुरू झाल्या, तेव्हा दहा-बारा वर्षांची मुले कधी वाचायला न शिकताच समोर आली. अधीक्षक नील सलिव्हन यांनी इयत्ताच काढून टाकल्या. वयाने नाही, तर काय येते त्यावरून गट केले, आणि प्रगती होईल तसे मूल पुढच्या गटात सरकू लागले. आज आपण नवे म्हणून जे सांगतो त्याचा गाभा तिथे होता.

आपल्याकडे ही वाट मुंबईच्या वस्त्यांतून निघाली. १९९५ मध्ये सुरू झालेल्या ‘प्रथम’ या संस्थेने महापालिकेच्या शाळांत ‘बालसखी’ नेमल्या. वस्तीतलीच शिकलेली मुलगी, तिसरी-चौथीतली मागे पडलेली पंधरा-वीस मुले, रोज दोन तास, आणि शिकवायचे ते पहिली-दुसरीचे पायाभूत वाचन आणि गणित. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबई आणि वडोदऱ्यात याची शास्त्रीय तपासणी केली. मुले खरोखर पुढे गेली होती. बॅनर्जी आणि डुफ्लो यांना २०१९ मध्ये मायकेल क्रेमर यांच्यासह अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, तेव्हा मुंबईतल्या त्या बालसख्यांची आठवण किती जणांना झाली असेल, हे सांगता येत नाही. मला झाली.

नंतरच्या पंधरा वर्षांतली या पद्धतीची वाटचाल बालसखीइतकीच शिकवून जाते, कारण तिच्यात अपयशेही आहेत. उत्तर प्रदेशातल्या जौनपूरमध्ये गावातल्या स्वयंसेवकांनी संध्याकाळचे वाचनवर्ग घेतले. जी मुले आली ती शिकली, पण गरजू मुलांतली फारच थोडी आली. बिहारमध्ये सरकारी शिक्षकांनी उन्हाळी शिबिरात शिकवले आणि मुले पुढे गेली. मग तेच साहित्य, तेच प्रशिक्षण शाळेच्या नेहमीच्या दिवसात दिले गेले आणि फारसे काही घडले नाही. शिक्षक तेच होते. बदलले होते ते एवढेच, की शिबिरात पाठ्यक्रम संपवण्याचे ओझे नव्हते आणि वर्गात ते होते. पुढे हरियाणात शाळेच्या वेळापत्रकातला एक तास फक्त या कामासाठी बाजूला काढला, त्या तासाला इयत्ता मोडून गट केले, आणि भेट द्यायला येणारे अधिकारी त्याच तासाविषयी विचारू लागले. तेव्हा भाषेत फरक दिसला. पेटीतले साहित्य कितीही सुंदर असो, त्या साहित्याला वेळापत्रकात हक्काचा तास मिळाला नाही तर ते पेटीतच राहते. केंद्रस्तरावरच्या शिक्षण परिषदेत मी हे वाक्य इतक्यांदा बोलले आहे, की इथे लिहिल्याशिवाय राहवले नाही. पद्धत आता आफ्रिकेतही गेली आहे. झांबियाच्या सरकारी शाळांत ती ‘कॅच अप’ या नावाने चालते.

दुसरी धारा शाळेबाहेर राहिलेल्या मुलांसाठीची. आंध्र प्रदेशात एम. व्ही. फाउंडेशनने शांता सिन्हा यांच्या पुढाकाराने कामावरून सोडवलेल्या मुलांसाठी निवासी शिबिरे घेतली आणि त्यांना वयाला साजेशा वर्गात बसवले. बांगलादेशात ब्रॅक या संस्थेने १९८५ मध्ये २२ एकखोली शाळांपासून अनौपचारिक प्राथमिक शिक्षण सुरू केले. मोठे मूल पहिलीच्या वेगाने शिकत नाही, ते झपाट्याने शिकते, कारण त्याला जगाची समज आधीच आलेली असते, हा या धारेचा विश्वास आहे आणि अनुभवाने तो खरा ठरला आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या चौथ्या कलमात वयानुरूप प्रवेश आणि त्यासाठी विशेष प्रशिक्षण आले, ते याच वाटेने. त्याच कायद्याचे २४ वे कलम प्रत्येक मुलाची शिकण्याची पातळी पाहून गरजेनुसार जादा शिकवणे हे शिक्षकाचे कर्तव्य म्हणून सांगते. पाठ्यक्रम ठरल्या मुदतीत संपवणे हेही त्याच कलमात आहे. तिसरीच्या त्या वर्गातला पेच कायद्याच्या मजकुरातच शेजारी शेजारी बसलेला आहे.

तिसरी धारा जादा शिकवणीची. तमिळनाडूने ऑक्टोबर २०२१ मध्ये ‘इल्लम तेडी कल्वी’, म्हणजे घर शोधत आलेले शिक्षण, हा उपक्रम सुरू केला. जवळपास दोन लाख स्वयंसेवक, त्यात बहुतांश स्त्रिया, संध्याकाळी तास-दीड तास वस्तीतल्या मुलांना घेऊन बसले. अभिजीत सिंग, मॉरिसिओ रोमेरो आणि कार्तिक मुरलीधरन यांनी तमिळनाडूच्या खेड्यांतल्या सुमारे १९ हजार मुलांचा मागोवा घेतला होता. डिसेंबर २०२१ मध्ये तूट फार मोठी होती. शाळा सुरू झाल्यावर सहा महिन्यांत त्यातली दोन तृतीयांश भरून आली, आणि त्या भरपाईतला सुमारे चौथा हिस्सा या संध्याकाळच्या वर्गांचा होता. गरीब घरांतली मुले अधिक वेगाने सावरली. या विषयावर इतके आशादायक दुसरे काही माझ्या वाचनात नाही. बोत्सवानात शाळा बंद असताना आठवड्याला एक फोन आणि संदेशावर पाठवलेली काही गणिते एवढ्यावरही मुलांच्या अंकगणितात फरक पडला. इंग्लंडने २०२० ते २०२४ या काळात राष्ट्रीय शिकवणी कार्यक्रम चालवला. तिथला अनुभव संमिश्र आहे. शिकवणारा वर्गाशी जोडलेला नसेल तर तास भरतात आणि मूल तिथेच राहते.

वेळापत्रक आणि पाठ्यक्रम यांत बदल करणारी चौथी धारा मी थोडक्यात सांगते. केनियाने २०२० चे वर्ष बुडालेले धरले आणि पुढच्या काळात वर्षातली सत्रे वाढवून कॅलेंडर पूर्ववत केले. आपण पाठ्यक्रम कमी केला. दोन्ही गरजेचे होते, पण पाठ कमी केल्याने पायरी खाली येत नाही.

पाचव्या धारेला मी धारा म्हणायलाही कचरते, कारण ती बाकी सगळ्यांच्या मुळाशी आहे. मूल संकटातून काय घेऊन आले आहे? कुणाचे वडील गेले, कुणाचे गाव सुटले, कुणाची मोठी बहीण लग्न करून पाठवली गेली. भुकेले किंवा धास्तावलेले मूल अक्षराकडे पाहत नाही. तारा मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले, आणि पुढे कोसबाडच्या डोंगरावर त्यांनी हे ओळखले की आधी मुलाला अंघोळ घालावी लागेल, खायला द्यावे लागेल, त्याच्या बोलीत बोलावे लागेल. मुले गुरे घेऊन कुरणात जात, म्हणून त्यांनी कुरणशाळा काढली. सुटलेली पायरी शोधण्याआधी त्यांनी सुटलेले मूल शोधले. वारली, कातकरी, कोरकू, पावरी बोलणाऱ्या मुलांच्या बाबतीत हा धडा आजही तितकाच ताजा आहे. आपण ज्याला मागे पडणे म्हणतो, त्यातला मोठा भाग घरची भाषा आणि पुस्तकाची भाषा यांतल्या अंतराचा असतो.

या सगळ्यांत वाद आहेत आणि ते गंभीर आहेत. पातळीनुसार गट केले की ‘हुशार’ आणि ‘ढ’ यांच्या रांगा लागतात, असा जुना आक्षेप आहे. तो खरा ठरतो, जेव्हा गट वर्षभर बदलत नाही. गट दिवसातल्या एका तासापुरता असेल आणि दर महिन्याला नव्याने जुळत असेल, तर तो शिक्का बनत नाही. शब्दांविषयी मात्र माझी तक्रार आहे. ‘उपचारात्मक अध्यापन’ म्हटले की मूल रोगी ठरते. ‘अप्रगत’ म्हटले की दोष त्याच्या माथी येतो. पायरी शाळेने गाळली, की संकटाने, की आपण सगळ्यांनी मिळून, हे विचारले जातच नाही. दुसरा आक्षेप चाचण्यांचा. स्तर निश्चितीचे कागद भरण्यात आणि माहिती ऑनलाइन चढवण्यात शिक्षकांचे दिवस जातात. मूल वाचते आहे की नाही हे पाहायला चार ओळींची गोष्ट आणि पाच मिनिटे पुरतात. त्या पाच मिनिटांनंतर शिकवण्याऐवजी तक्ता भरावा लागत असेल तर पाहणीचा हेतूच हरवतो.

तिसरा आक्षेप मला सर्वांत विचार करायला लावतो. आपण ‘काय येत नाही’ एवढेच मोजतो. बॅनर्जी, डुफ्लो आणि इतरांचा २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास दिल्ली आणि कोलकात्याच्या बाजारांत विक्री करणाऱ्या मुलांचा आहे. ही मुले गिऱ्हाइकाचा अवघड हिशेब मनातल्या मनात अचूक करतात, पण तेच गणित कागदावर मांडले की थांबतात. शाळेत जाणाऱ्या मुलांचे उलट होते. कागदावर येते, बाजारात अडते. संकटाच्या काळात शेतावर, दुकानात, घरकामात मुले जे शिकली त्यावर वर्गात पूल बांधता येतो. तसा पूल बांधणारे शिक्षक मी पाहिले आहेत. त्यांच्या वर्गात दशक-एकक काड्यांच्या गठ्ठ्यांइतकेच भाजीच्या जुड्यांवर शिकवले जाते.

हा विषय महामारीबरोबर मागे पडला असे कुणाला वाटत असेल, तर त्यांनी दिवाळीनंतर बीड, अहिल्यानगर किंवा जालन्याच्या एखाद्या तांड्यावर जावे. मुकादमाची उचल घेतलेले जोडपे कोयता घेऊन कारखान्याकडे निघते आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांड्यांच्या शेजारी मुले बसतात. मार्च-एप्रिलमध्ये टोळ्या परततात तेव्हा वर्षाचा अर्धा भाग सरलेला असतो. या मुलांसाठी साखरशाळा निघाल्या, आजी-आजोबांपाशी राहून शिकता यावे म्हणून हंगामी वसतिगृहे सुरू झाली. काही गावांत ती उत्तम चालतात, काही ठिकाणी त्यांचे अनुदान हंगाम निम्मा सरल्यावर येते. उसाच्या फडात कोपीत राहणाऱ्या मुलाला दरवर्षी पाच-सहा महिन्यांचे संकट येते आणि दरवर्षी शाळा त्याला जणू काही झालेच नाही असे पुढच्या पानावर बसवते. महामारीने जे सगळ्या मुलांना एकदा अनुभवायला लावले, ते या मुलांच्या वाट्याला पिढ्यान्‌पिढ्या येते आहे.

हा प्रश्न महामारीपुरता नाही, हे आकडेही सांगतात. ‘असर’ या शैक्षणिक पाहणीनुसार ग्रामीण भारतात तिसरीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी मुले २०१८ मध्ये २७.२ टक्के होती. २०२२ मध्ये ती २०.५ टक्क्यांवर आली आणि २०२४ मध्ये पुन्हा २७.१ टक्के झाली. ही भरपाई खरी आहे आणि सरकारी शाळांतल्या शिक्षकांच्या कष्टांचे त्यात मोठे श्रेय आहे. पण भरून आलेल्या रेषेच्या वर उभे राहून पाहिले तर तिसरीतली चारातली जवळपास तीन मुले संकटाआधीही वाचत नव्हती. जुलै २०२१ मध्ये सुरू झालेले निपुण भारत अभियान तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला वाचता आणि मूलभूत गणित करता यावे, असे २०२६-२७ सालापर्यंतचे ध्येय ठेवते. संकटानंतरची भरपाई आणि रोजचे चांगले शिकवणे या दोन वेगळ्या गोष्टी राहिलेल्या नाहीत. ज्या शाळेत रोजच्या रोज मुलाची पायरी पाहिली जाते, त्या शाळेला पूर आला तरी परतल्यावर कुठून सुरुवात करायची ते ठाऊक असते.

या पुस्तकाची आखणी याच भूमिकेतून झाली आहे. यातले बहुतेक लेखक वर्गात उभे राहणारे आहेत, काही संशोधक आहेत, काही केंद्रप्रमुख. सगळ्यांचे एकमत नाही आणि ते व्हावे असा प्रयत्नही केलेला नाही. गट करण्यावरून दोन लेख एकमेकांच्या थेट विरोधात जातात, ते मुद्दाम शेजारी ठेवले आहेत. जिथे पुरावा आहे तिथे तो दिला आहे. जिथे केवळ अनुभव आहे तिथे तो अनुभव म्हणूनच सांगितला आहे. बहुवर्ग शाळेतल्या एका शिक्षकाला चार इयत्ता सांभाळून हा एक तास कसा काढायचा, याला सर्वांत जास्त पाने दिली आहेत, कारण राज्यातल्या हजारो छोट्या शाळांचे वास्तव ते आहे. खेळ, गोष्टी, काड्या, मणी यांची तंत्रे आहेत, पण हे तंत्रांचे पुस्तक नाही. पेटीतल्या साहित्याविषयी वर लिहिले ते तंत्रांच्या याद्यांनाही लागू पडते.

जे जमले नाही तेही सांगायला हवे. माध्यमिक शाळेतल्या मुलांवर या पुस्तकात दोनच लेख आहेत. जगभरच्या प्रयोगांत तिसरी ते पाचवीचा पुरावा भरपूर आहे, आठवी-नववीचा थोडा. चौदा वर्षांच्या मुलाला मित्रांसमोर लाज वाटू न देता जोडाक्षरे कशी शिकवावीत, विज्ञानाच्या शिक्षकाने वाचनाचा तास आपला मानावा म्हणून काय करावे, याची उत्तरे आम्ही शोधली आणि ती अपुरी निघाली. अपंग मुलांविषयीचे लेखनही व्हायला हवे तितके झाले नाही. पुढच्या आवृत्तीसाठी अशा वर्गांत काम करणाऱ्यांनी आम्हाला लिहावे.

माध्यमिकचा प्रश्न तर थांबणाराही नाही. सुरुवातीला जिच्याविषयी लिहिले ती मुलगी मार्च २०२९ मध्ये दहावीच्या परीक्षेला बसेल. जून २०२० मध्ये पहिलीत ज्यांचे नाव घातले आणि ज्यांनी पहिलीचा वर्ग कधी पाहिलाच नाही, ती मुले मार्च २०३० मध्ये बसतील. मध्ये उरलेल्या प्रत्येक वर्षाला साधारण दोनशे दिवस शाळा भरेल. त्यांतला रोजचा एक तास कोण, कुठून आणि कसा काढू शकेल, याचा हिशेब मांडण्यासाठी हे लेख एकत्र केले आहेत.